स्क्रीनवर ४१, खारघरला ६०: खरा आकडा कोणता?

ठाण्यात कोलशेतला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे, थोडक्यात देतो. वर्षभर ते ऑफिस सुटलं की सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर कोर्स दाखवणाऱ्या मशीनसमोर, गोल्फ खेळतात. खरा कोर्स कधी पाहिलाच नव्हता. स्क्रीनवर पेबल बीच या कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या कोर्सचे पहिले नऊ होल ते ४१ फटक्यांत संपवतात. मागच्या महिन्यात मित्रांनी त्यांना खारघरला नेलं. तिथे नऊ होलला ६० लागले, बॉल हरवले ते वेगळेच, आणि सात नंबरचा जो आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) स्क्रीनवर १५० यार्ड जातो तो तिथे शंभरसुद्धा गेला नाही. ते विचारतात: मशीन खोटं बोलतं का? माझा खरा खेळ कोणता? आणि यापुढे पैसे कुठे घालू: सिम्युलेटरच्या पासात, घरातल्या सेटअपमध्ये की कोर्सवर?

मी दोन्हीकडे शिकवतो. आठवड्यातले काही दिवस बंद हॉलमध्ये स्क्रीनसमोर, बाकीचे गवतावर. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आधी एक सांगतो: पहिल्याच फेरीत नऊ होलला ६० म्हणजे वाईट अजिबात नाही. बरेच जण चौथ्या-पाचव्या होलनंतर मोजणंच सोडून देतात.

आता मशीनबद्दल. सिम्युलेटर नेमकं काय मोजतो ते बघा. तुमच्या बॉलपासून स्क्रीन जेमतेम तीन-चार मीटरवर असते. बॉल क्लबवरून सुटला की कॅमेरावालं मशीन पहिल्या काही इंचांत त्याचे फोटो काढतं, रडारवालं स्क्रीनपर्यंतच्या अंतरात त्याचा माग घेतं. त्यातून वेग, उडण्याचा कोन, डावी-उजवी दिशा, बॉल किती फिरतोय आणि फिरण्याचा अक्ष कुठे कललाय, एवढं मिळतं. पुढचं सगळं गणित. म्हणजे स्क्रीनवर जो बॉल समुद्रावरून उडत जाताना दिसतो, तो तुमच्या बॉलचा अंदाज असतो. चांगल्या मशीनचा अंदाज फार पक्का असतो. त्यामुळे ‘१५०’ हा आकडा खोटा नाही. त्या मॅटवरून, त्या एसीत, त्या कोरड्या बॉलला तुम्ही जो फटका दिलात तो खरोखर १५० यार्डांचाच होता.

खारघरला तुम्ही तो फटका मारलाच नाहीत; तुम्हाला फक्त कळलं नाही की तिथला फटका वेगळा होता. सगळी गोम इथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

आयर्नचा शॉट नीट बसतो तेव्हा क्लब आधी बॉलला लागतो आणि मग जमिनीला. डिव्हट, म्हणजे उडालेला गवताचा तुकडा, बॉलच्या पुढच्या जागेतून निघतो. नवशिक्याचा क्लब बहुतेक वेळा आधी जमिनीला लागतो, बॉलच्या इंचभर मागे. याला आम्ही फॅट म्हणतो. मातीत हे झालं की क्लब रुततो, वेग मरतो, आणि बॉल लाज काढत पुढे कुठेतरी जाऊन पडतो. सात नंबरच्या आयर्नचे तीस-चाळीस यार्ड सहज जातात. जमीन ओली असेल तर विचारूच नका.

मॅटवर काय होतं? खाली रबर, त्याच्याखाली काँक्रीट. क्लब बॉलच्या इंचभर मागे आपटला तरी रुतायला जागाच नाही. तो उसळतो, घसरतो आणि बॉलला बऱ्यापैकी जाऊन लागतो. जे चाळीस यार्ड जायला हवे होते त्यातले पाच-सातच जातात. स्क्रीनवर १४३ दिसतं आणि तुम्हाला वाटतं, ठीक बसला. वर्षभर असं चाललं की हाताला तीच सवय लागते आणि सवय चुकीची आहे हे सांगणारं कुणी नसतं. शिवाय त्या आपटण्याचा धक्का कुठेतरी जाणारच. तो मनगटात आणि कोपरात जातो. सिम्युलेटरवर रोज शंभर-दीडशे बॉल मारणाऱ्यांच्या कोपराच्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आहेत. तुम्हाला तसं काही जाणवत असेल तर आधी मॅट तपासा. पातळ, कडक मॅट असेल तर ती जागा सोडा, पास कितीही स्वस्त असो.

तुम्ही फॅट मारता की नाही, हे मॅटवरच ओळखायचे दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: हात पुसायचा टॉवेल घडी घालून बॉलच्या मागे साधारण चार इंचांवर आडवा ठेवा आणि सात नंबरच्या आयर्नने शॉट मारा. टॉवेल हलला की समजा गवतावर हाच शॉट मेला असता. पहिल्या दिवशी बहुतेकांचा टॉवेल स्क्रीनपर्यंत जातो, हसू नका. दुसरा उपाय आकड्यातला. मशीन क्लबचा वेग खरंच मोजत असेल तर ‘स्मॅश फॅक्टर’ बघा, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग. व्यावसायिक खेळाडूंचा सात नंबरच्या आयर्नला तो १.३३च्या आसपास असतो, ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबला, १.५च्या जवळ. तुमचा आयर्नचा आकडा एका शॉटला १.३२ आणि पुढच्याला १.२१ असा उड्या मारत असेल, तर यार्ड कितीही दिसोत, फटका बहुधा जमिनीतून येतोय. मात्र स्वस्तातली काही उपकरणं क्लबचा वेग मोजत नाहीत, बॉलवरून अंदाजाने काढतात. तिथे हा आकडा बघून काही उपयोग नाही.

गवतावर तर याहून सोपं. बॉलच्या जागी आडवी चुन्याची रेघ मारा, बॉल न ठेवता रेघेवर क्लब फिरवा, आणि डिव्हट रेघेच्या कुठल्या बाजूला निघाला ते बघा. दहा वेळा केलं की तुमचा आयर्न कुठे टेकतो हे समोर लिहिलेलं असतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मशीन लागत नाही.

यार्डांचं झालं. आता स्कोअर. ४१ आणि ६० मधल्या फरकाचा मोठा हिस्सा तुमच्या पटिंगमध्ये, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर (ग्रीनवर) बॉल होलकडे ढकलण्याच्या फटक्यांत (पटांत) आहे, आणि त्यात तुमचा दोष कमी, सेटिंगचा जास्त. तुम्ही खेळता तिथे ‘गिमी’ किती फुटांवर ठेवलीय ते एकदा विचारा. बहुतेक ठिकाणी रांग पुढे सरकावी म्हणून आठ-दहा फुटांवर ठेवतात. त्याच्या आत बॉल आला की पट गेला असं धरून पुढचं होल. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे, म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडू आठ फुटांवरून निम्म्याच वेळा बॉल होलमध्ये घालतात. तुम्हाला ते दर वेळी बक्षीस मिळतंय! होलची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही कमी. खारघरला तुम्ही तीन फुटांवर उभे राहिलात, हात थरथरला, बॉल कडेवरून वळून पुढे गेला, मग परत चार फूट. असे नऊही होलला दोन-दोन, तीन-तीन पट मारावे लागले. तिथेच सात-आठ स्ट्रोक गेले.

आणि गिमी शून्यावर ठेवली तरी स्क्रीनवरचं पटिंग हे पटिंग नव्हेच, असं माझं स्पष्ट मत आहे. सिम्युलेटर तुम्हाला चौकटीची जाळी दाखवतो, उतार कुठे आहे ते हलत्या ठिपक्यांनी सांगतो, आणि ‘एवढं उजवीकडे, एवढ्या जोरात’ असं उत्तरच देऊन टाकतो. खऱ्या ग्रीनवर उतार आधी पायाला कळतो, मग डोळ्याला. आपल्याकडच्या उष्ण हवेच्या कोर्सवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं. ते ज्या दिशेला झुकलंय त्या दिशेला बॉल जास्त पळतो, उलट्या दिशेला अडतो. चकाकणारी बाजू दिसली तर गवत तुमच्यापासून लांब झुकलंय, पट हळू मारा. काळपट हिरवं दिसलं तर जरा जोर द्या. सकाळी दव असतं तेव्हा ग्रीन संथ, दहा वाजता तेच ग्रीन वेगळं. हे सगळं सपाट मॅटवरून पुढच्या पडद्याकडे बॉल ढकलून शिकता येत नाही.

चिपचं (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याचं) आणि बंकरचंही (वाळूच्या खड्ड्याचंही) तसंच. सॉफ्टवेअर रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) किंवा वाळूत बॉल गेला की अंतरातले काही टक्के कापतं, बस्स. तुम्ही मारता त्याच मॅटवरून, त्याच स्वच्छ बॉलला. खऱ्या बंकरमध्ये क्लब बॉलला लावायचाच नसतो; बॉलच्या मागे वाळूत घालायचा आणि वाळूने बॉल बाहेर काढायचा. हा फटकाच मुळात उलटा आहे, तो स्क्रीनवर कुठून येणार? रफमध्ये बॉल आणि क्लब यांच्यामध्ये गवत येतं, फिरकी मरते, आणि कधी बॉल अपेक्षेपेक्षा वीस यार्ड जास्तच धावतो. याला फ्लायर म्हणतात. नवशिक्याला वाटतं, वा, काय बसला. बॉल ग्रीनपलीकडच्या झाडीत असतो.

तुम्ही बॉल हरवल्याचं लिहिलंय. मला खात्री आहे की त्यातले निम्मे तुम्ही छान मारले होते, फक्त भलतीकडे बघून. सिम्युलेटरमध्ये मॅटची कड सरळ असते, स्क्रीन समोर असते, आणि सॉफ्टवेअर दर शॉटला अख्खा कोर्स फिरवून तुमचं लक्ष्य बरोबर मध्ये आणून ठेवतं. उभं कसं राहायचं हा प्रश्नच येत नाही. कोर्सवर एकही सरळ रेघ नाही. टी बॉक्सचा, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेचा, चौकोनसुद्धा बऱ्याचदा फेअरवेकडे (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताकडे) बघत नसतो, भलतीकडे वळलेला असतो, आणि माणूस नकळत त्या चौकोनाला समांतर उभा राहतो. दिशेत तीन अंशांची चूक झाली तर दोनशे यार्डांवर बॉल दहा यार्ड बाजूला जातो, आणि ही बॉल हवेत वळण्याच्या आधीची गोष्ट झाली. उपाय जुनाच आहे: बॉलच्या मागे जाऊन लक्ष्याकडे बघा, बॉलच्या पुढे हातभर अंतरावर एखादं पान, खडा, जळकं गवत हेरा, आणि क्लबचं तोंड त्या पानाकडे ठेवून मग पाय लावा. सिम्युलेटरवरही हे शिकता येतं. सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्य मुद्दाम पंधरा-वीस यार्ड डावीकडे सरकवा आणि मॅटच्या कडेला न जुमानता उभे राहा. दोन दिवस फार विचित्र वाटेल.

आता खारघरचा उतार. सिडकोचा हा कोर्स डोंगराच्या कुशीत आहे, पांडवकड्याच्या बाजूचे डोंगर समोर दिसतात. तिथे पाय सपाट जमिनीवर मिळेलच असं नाही. बॉल पायांपेक्षा उंचीवर असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शॉट डावीकडे ओढला जातो, खाली असला की उजवीकडे पळतो. चढावर उभं राहून मारलं की बॉल उंच जातो आणि कमी जातो. काही महागड्या सिम्युलेटरमध्ये, उदाहरणार्थ कोरियाच्या गोल्फझोनमध्ये, पायाखालची पाटी कलते. बाकी ठिकाणी जमीन पाटासारखी सपाट.

मागे एका विद्यार्थिनीबरोबर चालत होतो. तीही स्क्रीनवरच तयार झालेली, हातात लेझरचा रेंजफाइंडर. तिने झेंडा बघितला, ९० यार्ड. पिचिंग वेज (जवळच्या अंतराचा क्लब) काढली.

सोबतचा कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी सांभाळणारा मदतनीस, म्हणाला, “मॅडम, नव्वद नको. शंभरचा मारा.”

“अहो, पण यात नव्वदच दाखवतंय.”

“दाखवू दे. ग्रीन वरती आहे, वारा समोरून आहे, आणि पुढे कमी पडला तर बॉल परत तुमच्या पायाशी येतो. मागे जागा भरपूर आहे.”

तिने नव्वदचा मारला. बॉल ग्रीनच्या तोंडाशी टेकला, क्षणभर थांबला आणि उतारावरून निवांत खाली आला. कॅडीने काही न बोलता दुसरा क्लब पुढे केला. त्या वाक्यात अंतर, चढ, वारा आणि चूक झाली तर कुठे झालेली परवडेल, असे चार हिशेब होते. सिम्युलेटर यातले पहिले तीन आकड्यात देतो. चौथा तुम्हाला स्वतः करावा लागतो, आणि चूक झाली तरी ‘मलिगन’चं बटण दाबून शॉट परत मारता येत असल्यामुळे तो करायची सवयच लागत नाही. तुम्ही पहिल्यांदा जाताय तर कॅडी घ्याच. रेंजफाइंडर घरी राहिला तरी चालेल.

वाऱ्याचं सेटिंगही बघून घ्या. पेबल बीचचं सातवं होल जेमतेम शंभरेक यार्डांचं आहे, उतारावरून खाली पॅसिफिक महासागराच्या टोकावर. शांत हवेत तिथे वेज पुरते, आणि समुद्रावरून वारं सुटलं की चांगले खेळाडूही लांबचा आयर्न काढतात. स्क्रीनवर वारा बंद असेल तर तुम्ही ते होल खेळला आहात असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्याचं चित्र बघत वेज मारली आहे. समोरचा वारा जेवढं नुकसान करतो तेवढा फायदा पाठीमागचा वारा करत नाही, हेही लक्षात असू द्या.

हवेबद्दल आपल्याकडे एक समज फार पक्का आहे: ‘नवी मुंबईची हवा दमट, जड, म्हणून बॉल कमी जातो.’ दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी. उष्ण हवेतही बॉल थंड हवेपेक्षा थोडा जास्तच जातो. पुण्याला गेलात तर साडेपाचशे मीटर उंचीमुळे दीडशे यार्डांच्या शॉटला तीनेक यार्ड वाढतात, तेवढाच काय तो फरक. पावसाळ्यात बॉल कमी जातो तो भिजलेल्या जमिनीमुळे. ड्रायव्हरचे स्क्रीनवर जे २२० दिसतात त्यात वीस-पंचवीस यार्ड टप्पा पडल्यावर धावण्याचे असतात. जुलैत ते शून्य. बॉल पडतो तिथेच रुततो. फेअरवेवर किंवा रफमध्ये स्वतःच्याच टप्प्याने असा रुतलेला बॉल नियमाप्रमाणे विनादंड काढून बाजूला ड्रॉप करता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते बिचारे चिखलातून क्लब ओढत बसतात. म्हणून स्क्रीनवर नेहमी ‘कॅरी’ वाचा, म्हणजे हवेतलं अंतर. ‘टोटल’ विसरा. बॉल हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच मिळायची. स्क्रीनवर बॉल हरवत नाही, हीसुद्धा एक सवयच.

आणि वेळ. तासाभरात सिम्युलेटरवर तुम्ही एकटे अठरा होल संपवू शकता. अंग गरम, हात लयीत, एकापाठोपाठ एक शॉट. कोर्सवर अठरा होलला चार-साडेचार तास आणि आठ-दहा किलोमीटर चाल. दोन शॉटच्या मध्ये पाच-दहा मिनिटं जातात. मागच्या वाईट शॉटचा विचार करायला ती पुरेशी असतात! पहिल्या टीवर सकाळी साडेसहाला, अंग आखडलेलं, मागे चार अनोळखी लोक उभे, आणि हातात ड्रायव्हर. हा एक शॉट स्क्रीनवर कसा सरावायचा? माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक करायला लावतो: एक शॉट मारा, मोबाइल न बघता तीन मिनिटं खुर्चीत बसा, मग वेगळा क्लब घेऊन पुढचा. तासाभरात पंधरा-वीसच शॉट होतात. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, म्हणून फार कुणी टिकत नाही. जे टिकतात त्यांचा कोर्सवरचा खेळ लवकर सुधारतो.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी स्क्रीनच्या विरोधात आहे. तसं नाही. काही बाबतीत स्क्रीन गवताच्या कितीतरी पुढे आहे. तुमचा सात नंबरचा आयर्न नेमका किती जातो, आठ नंबरचा किती, दोघांत अंतर किती, हे कोर्सवर वर्ष घालवून कळत नाही. मशीनवर एका संध्याकाळी कळतं. बॉल उजवीकडे का वळतो याचं उत्तर डोळ्याने शोधणं कठीण. मशीन सांगतं की क्लबचं तोंड इतके अंश उघडं होतं आणि क्लबचा मार्ग इतके अंश बाहेरून आत. बॉल कोणत्या दिशेने सुटणार हे बरंचसं तोंड ठरवतं, आणि तोंड व मार्ग यांतल्या फरकाने तो वळतो. पूर्वीचे शिक्षक याच्या उलट शिकवायचे. रडार आणि वेगवान कॅमेरे आले तेव्हा हा वाद मिटला. नवा क्लब घ्यायचा असेल तर मशीनवर आकडे बघितल्याशिवाय घेऊच नका. शिवाय आपल्याकडची व्यावहारिक बाजू आहेच. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सभासदांचा. घोडबंदरहून खारघरला जायचं म्हणजे सुट्टीचा अर्धा दिवस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाचा भरवसा नाही. संध्याकाळी सात वाजता ऑफिसमधून सुटलेल्या माणसाला स्क्रीनने गोल्फ दिला, नाहीतर तो त्याच्या वाट्याला आलाच नसता. बायकांना आणि मुलांनाही बंद हॉलमध्ये पहिला बॉल मारताना संकोच कमी वाटतो, हे मी रोज बघतो.

टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडात टीजीएल नावाची बंदिस्त लीग सुरू केली. नावाजलेले व्यावसायिक खेळाडू तिथे भल्यामोठ्या पडद्यावर शॉट मारतात. पण मारतात कशावरून ते बघा: खरं गवत, खरी वाळू. आणि ग्रीनजवळचा खेळ पडद्यावर ठेवलेलाच नाही. त्यासाठी हॉलमध्येच उतार बदलणारं, गोल फिरणारं ग्रीन बांधलंय. भरपूर पैसा आणि तंत्रज्ञान हाताशी असलेल्यांनी कुठल्या दोन गोष्टी पडद्यावर सोडल्या नाहीत, ते यातून दिसतं: बॉलखालची जमीन आणि पटिंग. तुमचे बरेचसे स्ट्रोक त्याच दोन ठिकाणी गेलेत.

तर ‘माझा खरा खेळ कोणता’ याचं उत्तर: यार्डांसाठी मशीनवर विश्वास ठेवा, स्कोअरसाठी खारघरवर. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, नियमही असंच मानतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून हँडिकॅप निघतो, आणि सिम्युलेटरवरच्या फेऱ्या त्यात धरत नाहीत. तुम्हाला मशीनशी खरी स्पर्धा करायची असेल तर गिमी दोन फुटांवर आणा, मलिगन बंद, वारा मध्यम, ‘टोटल’ झाकून ठेवा. तुमचे ४१ लगेच पन्नासच्या आसपास जातील. मग दोन्ही आकडे एकमेकांना ओळखायला लागतील.

पैशांचं. वार्षिक पास घेऊ नका, निदान यंदा नको. पावसाळ्याचे चार महिने सिम्युलेटर, बाकीचे आठ महिने गवत. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून दोनदा तरी कोर्सवर जा, नऊच होल खेळा. खारघरच्या वेळा आणि दर आधी फोन करून विचारा, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. जाल त्या दिवशी एक तास आधी पोहोचा आणि तो तास फक्त पटिंग ग्रीनवर घालवा, ड्रायव्हरला हात लावू नका. उरलेल्या पैशांतून एका चांगल्या शिक्षकाचे चार-पाच तास घ्या, तेही गवतावर.

घरातला सेटअप मात्र तुम्ही मनातून काढून टाकावा असं मला वाटतं. ठाण्याच्या टॉवरमधल्या फ्लॅटला जमिनीपासून छतापर्यंत नऊ-साडेनऊ फूट मिळतात. पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाला मोकळेपणाने ड्रायव्हर फिरवायला निदान दहा फूट हवेत. छताची धास्ती असली की माणूस नकळत वाकून, हात आखडून स्विंग करतो, आणि ती सवय मॅटच्या सवयीपेक्षा चिवट. रडारचं छोटं उपकरण घेतलंत तर ते बॉलच्या मागे सहा-आठ फुटांवर ठेवावं लागतं, पुढे आणखी आठ फूट तरी हवेत. म्हणजे सोळा फूट लांब मोकळी खोली, तीही पंखा काढून. नेटवर बॉल आपटल्याचा धप् असा आवाज खालच्या आणि बाजूच्या घरात पोहोचतोच. सोसायटीच्या सभेत तुमचा गोल्फ हा विषय व्हायचा नसेल, तर घरी फक्त पटर ठेवा. हॉलमधल्या सतरंजीवर तीन फुटांवर स्टीलचा पेला आडवा ठेवा आणि रोज रात्री वीस पट मारा, एक जरी पेल्यात गेला नाही तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.